आठव्या चित्रातली वाफ

दुपारचा एक वाजून गेला होता. सकाळचे पाहुणे स्टेशनकडे निघून गेले होते आणि संध्याकाळचे अजून यायचे होते. गरम पाण्याच्या झऱ्यांवर जगणाऱ्या त्या गावात हे दोनच तास काय ते गावकऱ्यांचे स्वतःचे असत. जुन्या मिठाईच्या दुकानाची सून हिसाए कुरामोची बारा मांजूंचा, म्हणजे गोड सारणाच्या वाफवलेल्या गोळ्यांचा, खोका घेऊन मुकोदाच्या गेम पार्लरमध्ये शिरली, तेव्हा आत तिघेच होते. मालक मुकोदा, स्टेशनवर गाडी लावून झोपा काढण्याऐवजी इथे येऊन बसणारा टॅक्सीवाला निशिवाकी, आणि कोपऱ्यातल्या यंत्रापुढे पाठ ताठ ठेवून बसलेले किजिमासान. पन्नास वर्षे घरात जमिनीभर अंथरायच्या जाड तातामी चटया शिवून, गुडघे गेल्यावर त्यांनी सुई खाली ठेवली होती, आणि गेली दोन वर्षे दुपारची वेळ त्यांनी या यंत्राला वाहिली होती.

"सूनबाई आल्या," मुकोदा म्हणाला. "आज चहा मोठ्या किटलीत टाकलाय. आज अंत्यदर्शन आहे म्हणा ना."

"कुणाचं?" निशिवाकीने विचारले.

"त्या आठजणींचं. तीन वाजता ट्रक येतोय. जुनं यंत्र भंगारात, आणि त्या जागी फोटोची स्टिकरं काढणारं मशीन. पोरींना आता स्वतःचेच फोटो बघायचे असतात, म्हातारबा. परक्या बायकांचे कोण बघतो?"

"मी कधी बघितले?" किजिमासान मागे न वळता म्हणाले. "मी खेकडा बघतो."

ते खरे होते, आणि ते किती खरे आहे हे त्या खोलीत फक्त हिसाएला माहीत होते.

'पडद्याआडच्या आठजणी' असे त्या खेळाचे नाव होते. पडदा काळा असे आणि त्या काळोखाखाली एका विवस्त्र स्त्रीचे चित्र दडलेले असे. खेळणाऱ्याच्या हाती एक प्रकाशाचा कण. तो कडेकडेने फिरे, आणि बटण दाबले की काळोखात रेघ ओढत जाई. रेघ पुन्हा कडेला येऊन मिळाली की तेवढा तुकडा कापला जाऊन निळसर अर्ध्या उजेडात उघडा पडे. मात्र आत एक खेकडा हिंडत असे. रेघ अपुरी असताना त्याची नांगी तिला लागली की एक जीव गेला. ठरलेल्या वेळात ऐंशी टक्के चित्र उघडले की घंटा वाजे. मग दुसरे बटण दाबून पुढच्या चित्रावर जायचे, किंवा मिळवलेले सगळे पणाला लावून पुढे कापत राहायचे. खेकड्याला त्याच्या अंगाहून लहान जागेत कोंडून एकही काळा तुकडा शिल्लक ठेवला नाही, तर अर्धा उजेड जाऊन चित्र आपल्या खऱ्या रंगांत उजळे. दहा आकडे मोजून होईपर्यंतच. या यंत्रावर आठवे चित्र तसे उजळलेले कुणी पाहिले नव्हते.

ते चित्र हिसाएने काढले होते.

आठ वर्षांपूर्वी ओसाकात, बटणांच्या एका घाऊक दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पाच माणसांच्या कंपनीत ती ठिपके भरण्याचे काम करी. सोळा रंग, आणि एकेक ठिपका हाताने. बनवणाऱ्या कुणाचेही नाव खेळात घालायचे नाही असा नियम होता. बाईचे तर नाहीच. पहिली सात चित्रे मालकाने मासिकांतून निवडून दिली. आठव्याच्या वेळी तो म्हणाला होता, "तिथवर कोण पोचणार? तुला हवं ते काढ. अंगावर कपडे नसले म्हणजे झालं." तेव्हा तिने आपल्या आईची पाठ काढली. किनाऱ्यावरच्या गावात चाळीस वर्षे मासळीच्या टोपल्या वाहिलेल्या फुमी नावाच्या एकसष्ट वर्षांच्या बाईची, नववर्षाच्या सकाळी सार्वजनिक स्नानगृहात बसलेली, मुलीने चोळण्यासाठी पुढे केलेली पाठ.

अडचण वाफेची होती. सोळा रंगांत वाफेला रंग उरला नव्हता. मग तिने बुद्धिबळाच्या पटासारखे एक ठिपका पांढरा, एक मागच्या भिंतीचा, पुन्हा एक पांढरा असे हजारो ठिपके भरले. चित्र काढायच्या स्वच्छ पडद्यावर ती वाफ मुळीच दिसेना. कुणीतरी वाळू उधळल्यासारखी दिसे. शेजारी बसणारा प्रोग्रॅमर म्हणाला होता, "इथं नको बघूस. यंत्राच्या स्वस्त काचेवर रंग शेजारच्या रंगात पाझरतात. तिथं बघ." पण यंत्र तयार व्हायच्या आधी गावाहून आई गेल्याचा फोन आला. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकून ती परतली, तेव्हा कंपनीला कुलूप होते आणि माल विकला गेला होता. आईचा धड एक फोटोही घरात नव्हता. फोटो काढायची वेळ आली की ती टोपली उचलून चालू लागत असे.

दोन वर्षांपूर्वी मांजू पोचवायला आली असताना, कुठल्याशा हॉटेलातून जुने म्हणून आलेल्या यंत्राची धून हिसाएला ऐकू आली आणि ती दारातच थबकली. तेव्हापासून ती रोज येई. खोका ठेवी, चहा घेई, आणि म्हाताऱ्याच्या खांद्यामागे जरा जास्तच वेळ उभी राही. दुकान रिकामे असताना दोनदा तिने स्वतः नाणे टाकून पाहिले. दुसऱ्या चित्रापुढे तिची मजल गेली नाही. आता तीन वाजेपर्यंत जे होईल ते होईल. त्यानंतर ती वाफ या जगात कुठेच नसेल.

"अठ्ठ्याण्णव!" निशिवाकी ओरडला. पडद्यावरचा वेळ संपला होता. आठवे चित्र विझले. "परत अठ्ठ्याण्णव! किजिमासान, तुमच्या नशिबातच लिहिलंय हो. दोन टक्के उधारी."

"गप रे. तुझी गाडी कुणी नेली बघ बाहेर."

"त्या गाडीला चोर लागला तर मीच त्याला बक्षीस देईन."

किजिमासानांनी यंत्राच्या कडेला दोरीने बांधलेली वही ओढली. ती वही खेळणाऱ्या सगळ्यांची होती. ज्याला जी युक्ती सापडेल ती त्याने त्यात लिहायची असा रिवाज होता. 'खेकडा डाव्या कोपऱ्यात गेला की उजवीकडून एकदम मोठा काप घ्यावा.' 'खेकडा सरळ तीनदा चालतो, चौथ्यांदा वळतो. तीन मोजून निघा.' 'घंटा झाली की हाव सोडा, दुसरं बटण दाबा.' आणि सगळीकडे किजिमासानांचे जाडे, चौकोनी अक्षर: 'मोठा काप म्हणजे कोवळ्या पोराची घाई. साडेचार चटयांची खोली अंथरावी तसे कडेने गोल गोल आत यावे. खेकडा मधल्या अर्ध्या चटईवर बसला पाहिजे.' त्याखाली त्यांनी आजची तारीख आणि 'अठ्ठ्याण्णव' एवढेच लिहिले. त्या पानावर तो आकडा सव्वीस वेळा होता.

"आणखी एक डाव," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा नाणे टाकले.

हिसाए खांद्यामागे उभी राहिली. पहिली सात चित्रे त्यांनी अर्ध्या तासात पार केली, आणि ती पाहताना तिला नेहमीसारखेच नवल वाटले. हा माणूस खेळत नव्हता, मोजत होता. खेकडा कुठे आहे याकडे न पाहता तो कुठे असणार आहे तिकडे त्यांची रेघ निघे, आणि खेकडा पोचेपर्यंत ती कडेला टेकलेली असे. कधी ते नुसतेच थांबत. सात-आठ सेकंद बोट हलत नसे, आणि बघणाऱ्याचा जीव खालीवर होई. मग खेकडा कंटाळल्यासारखा वळे आणि त्याच क्षणी चटईच्या कडेसारखा एक लांब तुकडा कापला जाई. लहानपणी बाप ओरडल्यावरच हात थांबायचा, तो आपणहून थांबवायला शिकण्यात दहा वर्षे गेली, असे ते एकदा म्हणाले होते.

आठवे चित्र आले. खांद्याचा तुकडा उघडला. मग मानेवरच्या ओल्या केसांचा. निळसर अंधारात ते खांदे कुणाचेही असू शकले असते.

"ही माझी," निशिवाकी दर वेळेप्रमाणे म्हणाला. "आठवी म्हणजे राणी असणार. वीस-बावीसची. लपवून ठेवलीय ती उगाच नाही."

हिसाएने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. ती पडद्याकडे बघत नव्हती. ती रेघांच्या टोकांकडे बघत होती. किजिमासानांची प्रत्येक रेघ कडेला जिथे टेके, तिथून पुढची रेघ कधीच निघत नसे. ती चार ठिपके बाजूने निघे. त्या चार ठिपक्यांची एक काळी चिरी मागे राही. शेवटी खेकडा कोंडला जाई, फुटे, आणि अशा आठ-दहा चिऱ्या बुजवता बुजवता वेळ संपे. हे तिला दीड वर्षापासून माहीत होते. पण ते सांगायचे, तर ठिपक्यांत मोजणारे डोळे आपल्याला कुठून मिळाले हेही सांगावे लागले असते. गावातल्या जुन्या मिठाईच्या दुकानाची सून असले खेळ इतक्या बारकाईने बघते, एवढ्यावरही सासूबाईंना चार दुकाने मान खाली घालून ओलांडावी लागली असती.

"सत्त्याण्णव," मुकोदा हळूच म्हणाला. पडदा विझला होता. भिंतीवर दोन वाजून अठरा मिनिटे झाली होती. "जाऊ द्या, किजिमासान. मांजू खा. नावाजलेला हात आहे तुमचा, कोण काय बोलणार?"

किजिमासानांनी उजव्या हाताची बोटे डाव्या हाताने एकेक करून दाबली आणि नाणे शोधायला खिसा चाचपला.

"तुम्ही चार ठिपके सोडता," हिसाए म्हणाली.

तिघांनीही वळून पाहिले.

"काय सोडतो?"

"चार ठिपके. म्हणजे... एवढी जागा." तिने बोटांच्या चिमटीत दाखवली. "एक रेघ जिथे संपते तिथूनच दुसरी काढायची, तर तुम्ही जरा बाजूला सरकता. दर वेळी. मग तिथे चिरी राहते."

"सूनबाई," किजिमासान शांतपणे म्हणाले, "मी पन्नास वर्षं कडेला कड लावलीय. माझ्या हातून चिरी राहत नाही."

"राहते. तुम्ही सरकता."

"अहो, मांजूवालीनं तातामीवाल्याला कड शिकवली!" निशिवाकीने मांडीवर थाप मारली. "हे वहीत लिहा रे कुणीतरी."

"थांब," मुकोदा म्हणाला. तो वाकून विझलेल्या पडद्याकडे बघत होता, जणू तिथे अजून काही शिल्लक होते. "त्या म्हणतायत ते बरोबर आहे. मी म्हणत होतो, हे काळे तुकडे नेहमी चौकात कसे राहतात. चार तुकडे जिथे भेटायचे, तिथेच."

"चौकात," किजिमासान म्हणाले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. त्याकडे ते असे बघत होते की जणू कुणा परक्याने तो तिथे विसरून ठेवला होता.

"चार चटयांचे कोपरे एका ठिकाणी आणायचे नाहीत," ते शेवटी म्हणाले. "बापानं पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. राहत्या घरात चौक जुळू द्यायचा नाही, एक चटई सरकवायचीच. चौक जुळवून अंथरायचं ते फक्त मेलेल्या माणसाच्या खोलीत." ते थांबले. "अहो, ही तर काच आहे. हिच्यावर कुणाचं घर? आणि हा हात मला न विचारता सरकतो."

"मग एवढंच ना," निशिवाकी म्हणाला. "नका सरकू."

"तुला सांगायला काय जातं? तू मेल्यावर तुझी खोली अंथरीन तशी."

हिसाएने पेला खाली ठेवला.

"तशीच अंथरा, किजिमासान. ती खोली मेलेल्या माणसाचीच आहे. आठव्या चित्रातली बाई माझी आई. मी काढलंय ते. आठही मीच काढलीत, पण ते एक माझ्या आईचं. चित्र पुरं झालं आणि ती गेली. मी ते कधी उजेडात बघितलं नाही."

बाहेरच्या गटारातून गरम पाणी वाहत होते त्याचा आवाज आत ऐकू आला.

किजिमासान तिच्याकडे न बघता म्हणाले, "मुकोदा, किती वाजले?"

"दोन चोवीस."

"ट्रकवाला लवकर आला, तर त्याला मांजू खायला घाल."

त्यांनी नाणे टाकले. पहिल्या सात चित्रांवर त्यांनी एक सेकंदही जास्त घालवला नाही. घंटा झाली की दुसरे बटण, घंटा झाली की दुसरे बटण. वहीतल्या पोरांच्या सल्ल्याप्रमाणे, मोठ्या कापांनी. ज्या घाईला ते नावे ठेवत, ती त्यांनी आज वापरली, आणि ती त्यांच्या हातात घाई वाटलीच नाही. दोन त्रेचाळीसला आठवा काळोख समोर आला.

मग ते हळू झाले. पहिली रेघ उजव्या कडेने उभी. दुसरी तिच्या टोकापासून आडवी. प्रकाशाचा कण चार ठिपके पुढे सरकला, थांबला, आणि पुन्हा मागे आला. अगदी त्याच टोकावर. खेकडा जवळ येत होता. त्यांनी तीन मोजले, तो वळला आणि रेघ निघाली. चौक जुळला. मागे चिरी राहिली नाही. पुढच्या टोकापाशी हात पुन्हा सरकला, पुन्हा मागे आला. दर वेळी तो सरकत होता आणि दर वेळी ते त्याला परत आणत होते, पन्नास वर्षांविरुद्ध, एकेक चौक. हिसाएला वाटले, आपण बघू नये. इतके खासगी काहीतरी चालले होते.

घंटा वाजली. त्यांनी दुसऱ्या बटणाकडे पाहिलेही नाही. नव्वद. चौऱ्याण्णव. खेकडा आता मधल्या अर्ध्या चटईएवढ्या जागेत भिंतींवर आपटत होता. एक जीव गेला. दुसरा गेला. ट्रकचा हॉर्न दारात वाजला. मुकोदा मांजूंचा खोका घेऊन बाहेर धावला. किजिमासान थांबले. खेकडा एकदा आपटला, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा तो वळला आणि शेवटची रेघ त्याच्या पाठीमागून, बोटभर अंतरावरून, कडेपासून कडेपर्यंत गेली.

खेकडा फुटला. आकडा शंभरवर गेला आणि अर्धा उजेड उडाला.

आधी कुणालाच काही कळले नाही, कारण पडदा पांढरा झाल्यासारखा वाटला. मग त्या पांढऱ्यातून पिवळसर भिंत आली, लाकडी बादलीची कड आली, आणि मध्ये पाठ. रुंद, वाकलेली, म्हातारी होत चाललेली पाठ. डाव्या खांद्यावर टोपलीच्या पट्ट्याने पाडलेली खोल खाच. मणक्याच्या दोन्ही बाजूंना डागण्यांचे जुने, फिकट ठिपके, जसे त्या पिढीच्या कष्टकरी बायकांच्या पाठीवर असत. ओले, विरळ केस वर बांधलेले. मान किंचित वळलेली, मागे कुणी येतेय का बघावे तशी. पण चेहरा दिसत नव्हता.

आणि वाफ होती. वाळू नव्हती, ठिपके नव्हते. ती वाफच होती. पाठीच्या खालच्या अंगाला दाट, खांद्यापाशी विरळ, खिडकीकडे जाता जाता नाहीशी होणारी. ती वाफ हलत होती. यंत्राची जुनी काच सतत थोडी थरथरत होती, रंग शेजारच्या रंगात पाझरत आणि परत येत होते, आणि त्यामुळे ती वर चढत होती, पाठीवरून निघत होती, जणू आत कुणी ऊन पाण्यात बसले होते आणि श्वास घेत होते. हे हिसाएने काढले नव्हते. तिला ते काढताच आले नसते. सोळा रंग, एक माणूस आणि एक स्वस्त काच यांच्यामध्ये कुठेतरी ते आपोआप घडत होते, आणि घडतेय हे आठ वर्षांत कुणाला माहीत नव्हते.

आकडे मोजले जात होते. सात. सहा.

"सकाळची वाफ आहे," किजिमासान हलक्या आवाजात म्हणाले. "खिडकी नुकतीच उघडलेली. संध्याकाळी ती अशी सरळ चढत नाही." या गावात जन्मलेल्या माणसाचा तो शब्द होता आणि हिसाएच्या मते याहून मोठी पावती तिला जगात कुणी देऊ शकले नसते. त्या नववर्षाला ती पहाटेच आईबरोबर स्नानगृहात गेली होती.

तीन. दोन. निशिवाकीने टोपी काढून छातीशी धरली होती. कधी काढली ते त्यालाही ठाऊक नसावे. मुकोदा दारात उभा होता आणि त्याच्यामागे, तोंडात मांजू धरून, ट्रकवाला.

पडदा काळा झाला.

मग मुकोदा पुढे आला आणि त्याने घसा साफ केला. "आतलं सर्किट काढून देऊ का तुम्हाला? वहीएवढं असतं. भंगारवाल्याला काय, तो वजनावर नेतो."

हिसाएने थोडा विचार केला. मग मान हलवली. "नको. ती या काचेतच आहे. दुसऱ्या काचेवर नुसती वाळू दिसेल."

ट्रकवाल्याने आणि मुकोदाने यंत्र तिरके केले. किजिमासानांनी त्याआधी वहीची दोरी सोडून घेतली होती. त्यांनी आकडा लिहिला नाही. 'चौक जुळवावा,' एवढेच लिहिले, आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

"सूनबाई," निशिवाकी अखेर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खोडी परत यायचा प्रयत्न करत होती, "हे मी गावात सांगणार हां. पोटात ठेवलं तर मला झोप नाही यायची. तुमच्या सासूबाई काय म्हणतील?"

"सांगा ना," हिसाए म्हणाली. तिने रिकामा खोका उचलला, खाली पडलेला कागद त्यात घडी करून ठेवला. सासूबाईंच्या तोंडावर नेमके काय येईल हे तिला ठाऊक नव्हते, पण ते बघायला आपण आता सरळ घरीच जायचे, असे तिचे ठरले. "फक्त बावीस वर्षांची होती म्हणून सांगू नका. एकसष्ट. नीट सांगा."